कोंबड्या हौसेनं पाळताय? मग या चुका टाळा

जत्रांच्या दिवसांत आणि मे महिन्यात माझा फोन सारखा वाजतो. "काकू, पिल्लू मान टाकून बसलंय." "काकू, कोंबडीनं स्वतःचंच अंडं फोडून खाल्लं." "काकू, एका रात्रीत सगळ्या गेल्या." आमच्या देवरूखच्या बाजूला घरोघरी खुराडं असतं आणि फार न शिकताही माणसं कोंबड्या सांभाळतात. अडचण होते ती लळा लावायला म्हणून नव्यानं कोंबडी आणणाऱ्यांची. त्यांच्याकडे कोंबडी आधी घरी येते, आणि ती राहणार कुठे, खाणार काय, याचा विचार त्यानंतर सुरू होतो. मला येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ या घाईत असतं.

रंगीत पिल्लं आणि एलईडीचा दिवा

आठवडी बाजारात पाटीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं घेऊन कोणीतरी बसलेलं असतं. मूल हट्ट धरतं, थोडक्या पैशांत पिल्लू मिळतं आणि घरी येतं. ही बहुतेक पिल्लं अंड्यांच्या जातीतले नर असतात. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, एक दिवसाच्या पिल्लांतून माद्या निवडून घेतात. नर अंडी देणार नाहीत आणि मांसासाठीही लवकर भरणार नाहीत, म्हणून ते रंगात बुडवून स्वस्तात विकले जातात. आईची ऊब नाही, लस नाही, उन्हातला प्रवास आणि वर ओला रंग. त्यातली कितीतरी आठवडाही काढत नाहीत. विकत घेऊन आपण पिल्लाला वाचवलं असं कोणी मला सांगतं, तेव्हा मी स्पष्ट सांगते की तुम्ही घेतलंत म्हणून पुढच्या बाजाराला आणखी एक पाटी भरून येणार आहे. ती पिल्लं घेऊ नका.

पिल्लं चांगल्या ठिकाणाहून आणली तरी दुसरी चूक ठरलेली असते, ती म्हणजे ऊब. आमच्याच वाडीत एका घरी जानेवारीत वनराज जातीची पिल्लं आणली होती. खोकं छान केलेलं, खाली कागद, वर दिवा. सकाळी पाहिलं तर अर्धी पिल्लं कोपऱ्यात एकावर एक पडून गुदमरलेली. घरातले मला वारंवार सांगत होते, "दिवा रात्रभर चालू होता हो." मी दिव्याला हात लावला. नऊ वॉटचा एलईडी, जेमतेम कोमट. उजेड भरपूर होता, पण पिल्लांना हवी होती उष्णता. गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली शिरतात, आणि चौकोनी खोक्यात शिरायला कोपरा मिळाला की खालची चिरडतात. त्याच दुपारी बाजारातून साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब आणवला, पुठ्ठ्याची पट्टी वाकवून गोल कुंपण केलं आणि उरलेली पिल्लं तगली.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. पाचव्या आठवड्याच्या सुमारास अंगावर पिसं भरतात आणि बाहेरची हवा सोसते. थर्मामीटर जरूर ठेवा, पण मी त्याच्यापेक्षा पिल्लांकडे जास्त बघते. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला असेल तर थंडी आहे, दिवा खाली घ्या. लांब पळून चोच उघडून बसली असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडे पसरून निवांत टोचत असतील तर हात लावू नका. वीज जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रात्रीसाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा.

खाली वर्तमानपत्र एकट्यानं अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. भाताचं तूस टाका आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट पसरा, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. पाण्याच्या बशीत खडे घाला, नाहीतर बुडतात. पहिल्यांदाच पाळणार असाल तर माझं मत असं की एक दिवसाची पिल्लं आणूच नका. महिना-दीड महिन्याची, लसी झालेली घ्या. पिल्लू अगदी हातातच वाढलं पाहिजे, हा हट्ट पिल्लाला महागात पडतो.

कोंबडीची जाळी कोंबडीला वाचवत नाही

षटकोनी भोकांची जी पातळ जाळी दुकानात कोंबडीची जाळी म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्या जनावराला अडवणं तिच्यानं होत नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, तरी दर पावसाळ्याआधी नव्या खुराड्यांवर तीच दिसते, कारण ती स्वस्त आहे आणि कात्रीनं कापता येते.

शेजारच्या वाडीत एक जोडपं मुंबईची नोकरी सोडून गावच्या घरी राहायला आलं. फार हौशी माणसं. गिरिराज जातीच्या सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, आणल्या, प्रत्येकीला नाव दिलं. त्या हाक मारली की धावत येत, मांडीवर बसत. खुराडंही देखणं केलं होतं. वासे, वर कौलं आणि चारी बाजूंनी तीच षटकोनी जाळी, बारीक तारेनं बांधलेली. मी बघायला गेले तेव्हाच म्हटलं, जाळी बदला. "पावसाळा झाला की बदलू काकू, आता खर्च फार झालाय." श्रावणात एका पहाटे फोन आला. एका कोपऱ्यातली तार ओढून वितभर जागा केलेली होती. दोन तलंगा नेल्या होत्या, तीन आत मरून पडल्या होत्या, दोघींची मुंडकी नव्हती. सहावी आढ्याच्या वाशावर चढून बसली होती म्हणून राहिली. बाई पायरीवर बसून रडत होत्या आणि पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "जाळी तर लावली होती हो!"

घरमालकाचा राग मुंगसावर. पण मुंगूस दिवसा शिकार करतं. बंद खुराड्यात रात्री घात झाला असेल तर कांडेचोर (उदमांजर) नाहीतर रानमांजर समजावं. गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा सापडली आणि कांडेचोर नक्की झाला. मुंडकी नसली की लोक म्हणतात, जनावर रक्त पिऊन गेलं. पण जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचं डोकं बाहेरून हाताला लागतं आणि ओढून तेवढंच निघतं, असं बऱ्याचदा घडतं. मालक विष घालायला निघाले होते. त्यांना थांबवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या प्राण्याला संरक्षण आहे, विष घातलं तर आपलाच कुत्रा आधी मरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा कांडेचोर येतोच.

आता उपाय. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि ती वाशाला पट्टी ठोकून बसवा, तारेनं बांधू नका. खाली जाळी भिंतीशी संपवू नका, ती बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेलाच उकरतं आणि तिथे जाळी लागली की सोडून देतं. घूस याच वाटेनं येऊन अंडी आणि पिल्लं नेते. छपराखालच्या फटी बुजवा. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि तिच्यात खिळा हवा. बसायचे दांडे जाळीपासून हातभर आत घ्या.

आणि रोज दिवेलागणीला मोजून दार लावा. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, म्हणून कातरवेळी त्या आपल्या आपण आत जातात. तुम्हाला फक्त मोजायचं आणि कडी घालायची आहे. "आज उशीर झाला, उद्या बघू" असं ज्या दिवशी होतं, जनावर नेमकं त्याच रात्री आलेलं मी पाहिलंय. दिवसा मोकळ्या सोडत असाल तर घारीसाठी थोडं झाडझुडूप असलेलं अंगण बरं, उघडं मैदान नको. कोंबड्यांना झटकन आडोसा मिळाला पाहिजे.

"घरच्या चारच आहेत, लस कशाला?"

मानमोडीसाठी. म्हणजेच राणीखेत रोगासाठी. भारतात हा रोग १९२७ साली राणीखेतला आढळला आणि आजही परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा घात तोच करतो, विशेषतः उन्हाळ्यात. हिरवट पातळ शीट, धाप, लुळे पंख, मग पिळवटलेली मान. त्यावर औषध नाही. लसूण, हळद, गुळवेल, जे घालायचं ते पाण्यात खुशाल घाला, मीही घालते, पण लसीच्या जागी नाही.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं टोचण. मध्ये गंबोरो (पिल्लांचा एक विषाणूजन्य रोग) आणि कोंबड्यांच्या देवीची लस. आधी लासोटा न देता थेट आर-टू-बी टोचू नका. खरी अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तुमच्याकडे कोंबड्या चार. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा आणि वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी टोचून घ्या. कुपी बर्फातूनच आणायची. शर्टाच्या खिशातून आणलेल्या लसीचा उपयोग शून्य. आजारी कोंबडीला लस देऊ नका.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी लगेच जुन्यांत सोडणं ही याच चुकीची दुसरी बाजू. दोन-तीन आठवडे ती वेगळी राहील, तिचं दाणा-पाणी शेवटी होईल आणि तिच्याकडून आल्यावर हात धुतले जातील. हे जमणार नसेल तर नवी कोंबडी आणू नका.

एकटी कोंबडी पाळू नका. ती कळपात राहणारी आहे, निदान तीन हव्यात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी, आणि शहरात शेजारी पहाटे तीनला आरवणं सहन करत नाहीत.

उरलेला भात हे कोंबडीचं पूर्ण जेवण नव्हे. नुसत्या भातावर ती लठ्ठ होते आणि अंडी पातळ कवचाची देते. मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, लागतं, भात आणि भाजीची देठं वरकड. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लेयर खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातल्या जादा कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. फरसाण आणि लोणची अजिबात नकोत, मीठ त्यांना सोसत नाही.

पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण आलीच, आणि ती आधी पिल्लांना गाठते. मी ओला भाग रोज काढते, बाकीचं खालीवर करते आणि गरजेप्रमाणे थोडा चुना मिसळते. खुराड्यात उभं राहून वास घेऊ नका, खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर घ्या. तिथे डोळे चुरचुरले तर तूस बदलायची वेळ झाली. शीटेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. मेडिकलमधून शेजाऱ्यानं सांगितलेली अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात टाकणं बंद करा. ते औषध अंड्यांतून तुमच्या मुलांच्या पोटात जातं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी पत्र्याखाली खुराडं करूच नये. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ती अंग थंड करते. आधीच केलं असेल तर पत्र्यावर गवत किंवा पेंढा घाला, बाजूला ओली गोणपाटं टांगा, दाणा भल्या पहाटे आणि संध्याकाळी द्या, पाणी दुपारी बदला.

खुडूक बसलेल्या कोंबडीच्या नाकात पीस खुपसणं, तिला विहिरीच्या पाण्यात बुचकळणं हे प्रकार अजून चालतात आणि मला ते बघवत नाहीत. तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तिला तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवा. खालून वारा लागला की अंगातली ऊब उतरते आणि ती उठते. किंवा खाली फलित अंडी ठेवून तिला २१ दिवस बसू द्या. ब्रूडरचा, म्हणजे दिव्याच्या उबेच्या खोक्याचा, सगळा व्याप वाचतो.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या, किंवा आसपास कावळे मरून पडताना दिसले, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेल्या विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूची देशातली पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची आहे, त्यामुळे हे आपल्याकडे घडत नाही असं कोणी म्हणू नये.

आणि अंडी. "तलंग पाच महिन्यांची झाली, अजून अंडं नाही" असं विचारणाऱ्यांनी थांबावं. देशी कोंबडी सहा-सात महिनेही घेते. घालत असलेली थांबली तर आधी पिसं बघा. पीस गळतीत अंडी बंद होणं हा आजार नाही, सगळी ताकद नव्या पिसांत जाते आणि त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. दिवे लावून चौदा तास उजेड करता येतो, पण लळ्याच्या कोंबडीला मी तसं करत नाही, तिला विश्रांती घेऊ देते. पीस गळतीच्या दिवसांत खाद्यात प्रथिनं वाढवा, थोडी सुकट कुटून घाला, तिला उगाच उचलू नका, आणि तोवर अंडी दुकानातून आणा.