टीसीवरचा ‘वर्तणूक’ नावाचा रकाना

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी शाळेला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवते. नऊ वर्षांपूर्वी दोन कामं एकदमच माझ्या गळ्यात पडली: बारावीच्या पोरांचं प्रवेश मार्गदर्शन आणि शिस्त समिती. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, दोन्हीकडं पोरं तीच असतेत, तुम्हाला सोपं जाईल.” सगळी अडचण तिथंच आहे. यंदा शेजारच्या कॉलेजातल्या एका नव्या शिक्षिकेकडं हीच दोन कामं आली आणि तिनं विचारलं, सुरुवात कुठून करू? तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

सुरुवात कपाटापासून. शिस्तीची वही एका कपाटात, प्रवेशाच्या फायली दुसऱ्यात. चाव्यासुद्धा वेगळ्या. पहिल्या वर्षी मी दोन्ही एकाच खणात ठेवलं होतं. वसतिगृहातल्या मारामारीत सापडलेला एक पोरगा मार्चमध्ये मला उलट बोलला होता. जूनमध्ये टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, लिहिताना वही समोरच होती, राग ताजा होता, मी ‘वर्तणूक’च्या रकान्यात लिहिलं ‘असमाधानकारक’. क्लार्कनं शिक्का मारला. आठवड्यानं बाप आला, पेरणी सोडून. “मॅडम, पोरगं चुकलं, मी नाही म्हणत नाही. पण वही असती तर पान फाडलं असतं, ह्याला कुठं फाडू?” पुढच्या कॉलेजनं प्रवेश दिला, पण त्या एका शब्दापायी पोराला टेबलासमोर सगळ्यांदेखत खुलासा द्यावा लागला. त्या मारामारीची शिक्षा त्यानं वसतिगृहात आधीच भोगली होती. मी दुसऱ्यांदा दिली, आणि ती कायमची.

तेव्हापासून माझा नियम असा: ज्या गोष्टीची चौकशी झाली, शिक्षा झाली, ती टीसीवर जात नाही. आणि “टीसीवर लिहीन बघ” ही धमकी वर्गात कुणी द्यायची नाही. नव्या शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य फार लवकर बसतं.

आता नियमांविषयी. जूनच्या पहिल्या पालकसभेत एका पानावर, साध्या मराठीत नियम द्या आणि पालकाची सही घ्या. आमच्याकडं आधी चार पानं होती. ती कुणी वाचली नाहीत, आम्हीसुद्धा नाही. मोबाइल जप्त केला तर किती दिवसांनी, कुणाच्या हाती परत मिळेल, एवढं नेमकं लिहा. जे पाळून घेणार नाही ते लिहूच नका. हजेरीचंच बघा. बोर्डाला ७५ टक्के लागते, आणि आमच्या भागातली निम्मी पोरं नाव एका कॉलेजात टाकून दिवसभर लातूरच्या क्लासेसमध्ये असतात. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. ज्या कॉलेजची हजेरी खोटी, त्यानं पोरांना कॉपीवरून प्रवचन देऊ नये, असं मी स्टाफरूममध्ये बोलले होते. त्या दिवशी चहा कुणी विचारला नाही.

काही घडलं तर त्याच दिवशी लिहा. काय झालं, कुठं, किती वाजता, कोण हजर होतं. ‘उद्धट’, ‘वाह्यात’ असले शब्द नकोत. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. पोराला स्वतःचं म्हणणं स्वतःच्या हातानं लिहू द्या, तुम्ही सांगून लिहवून घेऊ नका. पालकाला बोलवा, पण सगळ्या स्टाफसमोर उभं करू नका. हात तर उचलायचाच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणून अकरावीच्या पोराला चालतं असा अर्थ काढणारे महाभाग मी पाहिलेत.

दोन प्रकरणं मात्र समितीत दाबून ठेवायची नाहीत. रॅगिंगची लेखी तक्रार आली तर १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते, तथ्य दिसलं तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडं. आणि लैंगिक छळाचा विषय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. “आपसात मिटवू” म्हणणारे गावातले चार मोठे लोक त्याच दिवशी येतात. त्यांना चहा द्या आणि ठाण्यात फोन लावा.

मार्गदर्शनाचं काम बारावीच्या निकालानंतर सुरू होतं असं ज्याला वाटतं, त्याची पोरं जुलैमध्ये दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर रांगेत दिसतात. अकरावीच्या दिवाळीआधी प्रत्येक पोराची कागदं बघून घ्या. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात वैधता (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) लागते, आणि तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजच्या पत्रासह करावा लागतो. नॉन-क्रिमीलेअर आहे का एवढंच विचारू नका, तारीख बघा. मुदत बहुधा ३१ मार्चला संपते. मुलींच्या बापांना तर बसवून सांगा: ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला तरच. “पोरीला बीएच करू, खर्च कुठं झेपतो,” हे वाक्य मी अजूनही दर वर्षी ऐकते.

पसंतीक्रम भरताना पोरगं शेजारी हवं, नुसता मामा नको. पहिल्या पसंतीची जागा लागली की पुढच्या फेरीत बदल मिळत नाही, म्हणून पहिल्या ओळीत मामाच्या हौशीचं कॉलेज टाकू नका. मेडिकलवाल्यांच्या घरात अजून कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्या मराठवाड्याचा कोटा आहे की.’ ७० टक्के जागा आपल्या विभागातल्या पोरांना, ३० बाकी राज्याला, हे ७०:३० चं सूत्र २०२० मध्येच रद्द झालं. नीटचे ७२० पैकी किती पडले ते बघून बोला. आणि मेडिकल हुकलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, परभणीचं कृषी विद्यापीठ आणि नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज इथंच आहेत, हे पोराला निकालाच्या दिवशी नाही, आधी सांगा.

जात वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या जातीचा पुरावा लागतो. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांच्या नाव-जातीच्या नोंदींची वही, १९५८ पासूनचं आहे, म्हणून जून-जुलैत आसपासच्या खेड्यांतली माणसं उतारा काढायला येतात. त्याआधीचं हवं असेल त्यांना जुन्या प्राथमिक शाळेत जावं लागतं, तिथल्या निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत असतात, मग वाचणारा शोधत फिरा.

मागच्या वर्षी एक पोरगी आजोबांची नोंद शोधायला आली. क्लार्क नव्हता, मीच रजिस्टर काढलं. १९६३ चं पान, शाई तपकिरी झालेली. तिनं आधी जात बघितली, मग बोट सरकवत ‘वर्तणूक’वर थांबली. तिथं लिहिलं होतं ‘बरी’. ती इतकी हसली. म्हणाली, “मॅडम, आजोबा तर सांगतेत, मी वर्गात एक नंबर शहाणा होतो.” मोबाइलवर फोटो काढून तिनं तिथूनच घरी पाठवला.