सोसायटीच्या गच्चीवर भाजीचा मळा करताना

शहरातील बहुतेक इमारतींच्या गच्च्या पाण्याच्या टाक्या आणि मोडक्या खुर्च्या सांभाळण्यातच वर्ष काढतात. तेथे भाजी पिकवण्याचा विचार निघाला की सर्वांत आधी कुंड्या आणि बिया आणल्या जातात. वास्तविक पहिले काम वजनाचा हिशेब करणे हे आहे.

वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो चलभार (माणसे, सामान अशा बदलत्या वजनाचा भार) धरला जातो. ओल्या मातीचा एक फुटाचा थर मात्र तेवढ्याच जागेत सुमारे ५०० किलो भरतो. वाफ्याभोवतीच्या विटा आणि पाण्याचे पिंप यांचे वजन तर हिशेबात अनेकदा धरलेच जात नाही. दोनशे लिटरचा भरलेला पिंप म्हणजे दोनशे किलो, आणि तेही जेमतेम पाव चौरस मीटरवर. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गच्ची तपासून घ्यावी, त्याचा अभिप्राय लेखी घ्यावा आणि जड वस्तू स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळयांच्या व खांबांच्या रेषेवर ठेवाव्यात. सोसायटीची गच्ची सर्व सभासदांची असल्याने सर्वसाधारण सभेचा ठरावही याच टप्प्यावर करून घ्यावा, कारण मळा फुलल्यानंतर मागितलेली परवानगी सहसा भांडणातच मिळते.

त्यानंतर गळती तपासावी. पाणी जाण्याची तोंडे बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवावे आणि वरच्या मजल्यावरील छताला कोठे ओल येते ते पाहावे. ओल आली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग मळा. यात तडजोड नाही. वाफे थेट गच्चीवर न मांडता खाली विटा ठेवून उचललेले असावेत, म्हणजे पाणी अडत नाही आणि खाली झाडूही फिरतो.

आता मुख्य मुद्दा मातीचा. माती वर वाहून नेण्यापेक्षा ती वरच तयार करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, रुजवलेला हा विचार शहरी गच्चीला चांगलाच मानवतो. मुंबई बंदर न्यासाच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तेथीलच ओला कचरा वापरून बाग उभी राहिली. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडे आणावीत. तो ती आनंदाने देतो, कारण त्याला ती टाकायचीच असतात. त्यांचे बोटभर तुकडे करावेत. बाजारात मिळणारे जाळीदार प्लॅस्टिक क्रेट घेऊन त्यांना आतून शेडनेट लावावे, तळाशी चिपाडे, त्यावर वाळलेला पाला, मग चिरलेला ओला कचरा आणि मूठ-मूठ माती असे थर द्यावेत.

हे थर लवकर कुजावेत यासाठी अमृतजल वापरतात. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस सावलीत ठेवावे, दिवसातून तीनदा ढवळावे आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून थरांवर शिंपडावे. भरणा खाली बसत जातो, तेव्हा वरून पाला घालत राहावे. तो काळा, भुसभुशीत झाला आणि त्याला पावसाळी मातीचा वास येऊ लागला की पेरणीस तयार झाला असे समजावे. आंबट वास आला तर ओलावा जास्त झाला आहे. कोरडा पाला मिसळून तो खालीवर करावा.

पहिल्या हंगामात मेथी, पालक आणि माठ पेरावेत. त्यांना सहा-आठ इंचांचा भरणा पुरतो. मिरची आणि वांग्याला फूटभर खोली द्यावी, दुधी आणि दोडक्याचा मांडव कठड्याच्या आतल्या बाजूस बांधावा. कठड्याच्या भेगेत पिंपळ किंवा उंबराचे रोप दिसले तर दोन पानांवर असतानाच उपटावे.

मार्चपासून पन्नास टक्के सावलीचे शेडनेट लावावे आणि पाणी सकाळी लवकर द्यावे. साठवणीचे पिंप घट्ट झाकावेत व आठवड्यातून एकदा कोरडे करावेत, अन्यथा डासांच्या अळ्या होतात. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावी जाते, तेव्हा पाणी कोण देणार आणि गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार, हे एप्रिलमध्येच सूचनाफलकावर लिहून लावावे.