मुंबईच्या जंगलाचे कृष्णधवल छायाचित्र कसे काढावे

पावसाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नजर जाईल तिकडे हिरवाई असते आणि कृष्णधवल छायाचित्रात नेमका तोच रंग नाहीसा होतो. म्हणून समोरच्या दृश्यात सर्वांत गडद काय आणि सर्वांत उजळ काय, हे कॅमेरा उचलण्यापूर्वीच ठरवावे. कान्हेरीच्या टेकडीवर भिजलेला कातळ जवळजवळ काळा दिसतो, ढग फिकट करडे असतात आणि झाडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशा ११ पायऱ्या मानल्या आहेत. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाशमापक, प्रत्येक वस्तूला पाचव्या पायरीच्या मधल्या करड्याकडे ओढतो, त्यामुळे कातळावर मापन घेतल्यास प्रकाश दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला निम्मा) कमी करावा, म्हणजे तो काळाही दिसतो आणि त्याच्या भेगाही टिकतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावून आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ ते एफ ११ ठेवावे. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावी, कारण तिच्यात रंगांची माहिती शाबूत राहते. हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळ छटांचा आलेख, उजव्या म्हणजे उजळ कडेला टेकू देऊ नये. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर या फिल्टरने कमी होते.

लाल फिल्टरने निळे आकाश गडद होते. अॅडम्स यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतील योसेमिटीच्या हाफ डोम या डोंगराच्या कड्यासाठी तोच वापरला होता. आपल्या पावसाळ्यात मात्र निळे आकाश क्वचितच दिसते आणि लाल फिल्टरने पानेही काळवंडतात, त्यामुळे संगणकावर हिरवा आणि पिवळा रंग उजळून पाने खोडांपासून वेगळी काढणे मला अधिक योग्य वाटते.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला बोरिवली, मुलुंड आणि ठाण्याची वस्ती भिडलेली आहे. चौकटीत इमारत आली की ती टाळण्याचा किंवा नंतर पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण जंगल कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते, हे दाखवणारे चित्रच संवर्धनाच्या कामी येते. अॅडम्स १९३६ मध्ये सिएरा क्लब या निसर्गसंवर्धन संस्थेच्या वतीने कॅलिफोर्नियातील किंग्ज कॅन्यनची छायाचित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले होते, आणि १९४० मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

यासाठी एक जागा निवडून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच लेन्सने, त्याच दिशेला छायाचित्र घ्यावे. ठाणे खाडीच्या खारफुटीबाबत भरती-ओहोटीची वेळही सारखी हवी, अन्यथा पाण्यातील फरक झाडीतील फरकासारखा भासतो. तारीख, जागा आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवावी. छायाचित्र प्रसिद्ध करताना मात्र त्यात घरटी किंवा पक्ष्यांची वसाहत असल्यास फाइलमधील जीपीएस नोंद काढून टाकावी.