तिकीट एवढं महाग ना? मग थीम पार्क असं तपासा

हॉटेलच्या हाऊसकीपिंगमध्ये माझी सगळी नोकरी गेली. पाहुण्याला किल्ली देण्याआधी खोली पास करायची, हे माझं काम. रिटायर झाले तरी डोळ्यांची खोड गेलेली नाही. लेक-जावई कॅलिफोर्नियात, अनाहाइमच्या जवळच राहतात, त्यामुळे तिकडे गेलं की नातवंडांबरोबर डिस्नीलँड ठरलेलं. ती राइडपाशी उंची मोजून घेत असतात, तेव्हा मी रेलिंगच्या खालच्या बाजूने बोट फिरवत असते. जावई आधी संकोचायचे, आता तेच विचारतात, "काय आई, पास की नापास?"

"एवढ्या मोठ्या जागेत एखादा दिवा गेला, एखादा रंग उडाला तर काय बिघडलं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. जत्रेत काही बिघडत नाही. आकाशपाळण्याचा रंग उडालेला असला तरी आपण हसत बसतो, कारण तिकीटच तेवढं असतं. पण डिस्नीलँडमधल्या सगळ्यात महाग दिवसाचं एका माणसाचं तिकीट ऑक्टोबर २०२४ मध्ये २०६ डॉलर झालं. त्यावर पार्किंग, त्यावर जेवण. रुपयांत हिशेब करू नका, घास घशाखाली उतरणार नाही. गरगर फिरणं आणि वेगाने खाली येणं जत्रेतही मिळतं. इथे जास्तीचे पैसे घेतात ते आपण कुठे आहोत याचा विसर पाडायचे. आत शिरल्यावर जो मेन स्ट्रीट लागतो, तिथल्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधलेत, म्हणजे इमारती आहेत त्यापेक्षा उंच वाटतात. १९५५ साली ज्यांनी एवढा बारकावा सांभाळला, त्यांच्याकडून आज बंद पडलेला दिवा बदलून मागायचा नाही तर काय मागायचं?

आणि हे नुसतं पैशाने होत नाही. टोकियो डिस्नीलँड १९८३ पासून ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन चालवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथलं मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन झालं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या महाग दिवसाच्या निम्म्याहूनही कमी. तरी स्वच्छतेत आणि निगराणीत त्या पार्कचं नाव जगात सगळ्यात वर घेतात. गेट बंद झालं की रात्रपाळीची माणसं येऊन रस्ते धुतात. तेव्हा "दर्जा हवा तर दर वाढणारच" असं कोणी सांगायला लागलं, की त्यांना टोकियोचा भाव सांगायचा.

आता माझी पद्धत.

बुकिंग करण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर त्या तारखांना कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत ते बघा. यादी दिसली तर हिरमुसू नका. पत्रे लावून, बंद ठेवून दुरुस्त करणारं पार्क मला आवडतं. अर्धवट चालवत राहणारं आवडत नाही. याचं नामांकित उदाहरण फ्लोरिडाच्या डिस्ने अॅनिमल किंग्डममध्ये आहे. २००६ मध्ये एव्हरेस्टवर बेतलेली रोलर कोस्टर सुरू झाली. शेवटी भलाथोरला यांत्रिक यती, म्हणजे हिममानव, अंगावर धावून यायचा. काही काळातच त्याची हालचाल बंद करावी लागली. तेव्हापासून तो जागच्या जागी उभा, आणि तो हलतोय असं वाटावं म्हणून त्याच्यावर लुकलुकता दिवा सोडलेला. तिकडचे शौकीन त्याला डिस्को यती म्हणतात. राइड चांगली चालते, रांगा लागतात, आणि बहुतेक म्हणूनच ती उघडून तो दुरुस्त करायचा मुहूर्त वर्षानुवर्षं लागला नाही. आमच्याकडे याला पलंगपोसाखाली डाग लपवणं म्हणत.

आत गेल्यावर माझी पहिली तपासणी टॉयलेटची, आणि तीही दारापासून सगळ्यात लांबच्या. जवळचं टॉयलेट प्रत्येक पार्क चकाचक ठेवतं. लांबच्या टॉयलेटात दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. सकाळी दहाला कुठलीही जागा पास होते. जेवणाची गर्दी उलटून गेल्यावर तिथे कोणी फिरकलंय का, ते बघायचं असतं. शिरल्याबरोबर नाकाने अंदाज घ्या. काहीच वास नसेल तर उत्तम. फिनेल किंवा सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला तर समजा की खालचं काही झाकलंय. मग दार लावा आणि दाराच्या मागे बिजागरीकडचा खालचा कोपरा बघा. झाडू तिथे पोचत नाही, वाकून हाताने पुसावं लागतं. तिथे केसांचा आणि धुळीचा घट्ट गोळा असेल तर फरशी कितीही चमकू दे, मी नापास करते. पुढे नळाचं बूड. तोटी जिथे बेसिनला टेकते तिथे साबणाचा पांढरट थर साचतो. पातळ असेल तर तो आजचा. नखाने खरवडला तरी निघत नसेल तर महिन्याचा. शेवटी कडी. स्क्रू सगळे आहेत का? एक स्क्रू नाही आणि त्याच्या भोकात काळं साचलंय, याचा अर्थ तो पडून बराच काळ झाला आणि रोज तिथून जाणाऱ्या एकाही माणसाने कम्प्लेंट टाकली नाही. माझ्या लेखी कडी तुटणं हा गुन्हा नाहीच, तुटलेली कडी कोणाला न दिसणं हा आहे.

बाहेर रस्त्यावरही हीच नजर ठेवा: आजची घाण, कालची घाण, महिन्याची घाण. आत्ता सांडलेले पॉपकॉर्न दिसले तर नाक मुरडू नका, माणसं आहेत, सांडणारच. घड्याळ लावा आणि पुन्हा त्याच वाटेने या. नाहीसे झालेले असले की काम चालू आहे. कालची घाण बाकाच्या पायांत आणि झाडांच्या आळ्यांत सापडते. महिन्याची घाण म्हणजे फरशीवर चिकटून काळे पडलेले च्युइंगमचे ठिपके. डिस्नीलँडने यावर जालीम उपाय केलाय, आत च्युइंगम विकतच नाहीत. खरवडायला माणूस ठेवण्यापेक्षा हे स्वस्त, आणि हाऊसकीपिंगच्या माणसाला असल्या निर्णयाचं जे कौतुक वाटतं ते इतरांना वाटणार नाही.

रांगेत उभं राहणं भागच असतं, तर तो वेळ रेलिंग बघण्यात घालवा. हजारो हातांनी रंग झिजून धातू गुळगुळीत झालेला असेल तर ती झीज आहे, चालेल. पण जुने पापुद्रे न खरवडता त्यांच्यावरच नवा रंग फासलेला असेल तर बोटाला खडबडीत लागतो. कोणी साहेब बघायला येणार म्हणून घाईने हात मारलेला असतो. खालच्या बाजूला ओघळ सुकलेले असतात ते बघा, मग खात्रीच पटेल.

राइडच्या आत गेल्यावर आवाज, उजेड आणि हालचाल यांचा मेळ लागतो का, एवढंच बघा. आपल्याकडच्या एका पार्कात, नाव घेत नाही, एक बोलणारा पुतळा होता. आवाज दणदणीत, ओठ मिटलेले. नातू म्हणाला, "आजी, हा पोटातून बोलतो का?" मी तिथल्या मुलाला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तो असाच आहे." हे वाक्य ऐकू आलं की बाकी काही तपासायला नको. बिघाड सगळीकडे होतो. "असाच आहे" म्हणजे बिघाडाला तिथे नोकरीत कायम केलंय.

थट्टा बाजूला ठेवते, कारण पुढचं गंभीर आहे. ५ सप्टेंबर २००३ ला डिस्नीलँडच्या बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरला अपघात झाला आणि २२ वर्षांचा एक तरुण गेला. सरकारी तपासात कारण निघालं ते देखभालीतलं: एका चाकाच्या जोडणीचे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेले नव्हते. त्याआधीची काही वर्षं उडालेला रंग आणि बंद दिवे बघून पार्कचे जुने चाहते कुरकुरत होते, देखभालीचा खर्च कमी केल्याची चर्चा होती. दिवा गेला म्हणून अपघात झाला असं मी म्हणणार नाही. पण दिसणाऱ्या वस्तूकडे काणाडोळा करायची सवय लागलेल्या जागेत न दिसणारा बोल्ट कोण आणि किती काळजीने आवळत असेल, ही शंका मला सोडत नाही. २००५ मध्ये पार्कला पन्नास वर्षं झाली, त्याआधी मात्र त्यांनी रंगरंगोटी आणि दुरुस्त्या जोरात काढल्या. तेव्हा राइडमध्ये बसल्यावर हे नक्की बघा: ऑपरेटर प्रत्येकाचा बार किंवा पट्टा स्वतः हाताने ओढून तपासतो, की लांबून नजर टाकून अंगठा दाखवतो? लांबूनच दाखवत असेल तर "एकदा बघता का?" असं बिनदिक्कत म्हणा. रांग खोळंबली तर खोळंबू दे.

काय सोडून द्यायचं, तेही सांगते. मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीकडे किंवा कोकणात चार महिने जो पाऊस कोसळतो, त्यात उघड्यावरच्या पत्र्याला गंज आणि भिंतीला शेवाळ येणारच. सप्टेंबरात जाऊन भिंत हिरवी दिसली म्हणून बोंब मारू नका. पायऱ्यांवरचं शेवाळ मात्र सोडू नका, आणि पत्र्यापेक्षा सांधे, नट, जिन्याचे कठडे बघा. डिस्नीलँडचा पहिला दिवस, १७ जुलै १९५५, फजितीचाच होता: बनावट तिकिटांवर माणसं आत घुसली, नवं डांबर उन्हात मऊ पडून बायकांच्या टाचा रुतल्या, प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे. नव्या पार्कला मीही थोडी सवलत देते. दहा वर्षं दरवाढ करत आलेल्याला देत नाही.

तक्रार करायचीही रीत असते. झाडणाऱ्या मुलाला बोलू नका. त्या भागात दोन माणसं ठेवायची की पाच, हे ऑफिसात ठरतं, त्याच्या हातात झाडूच आहे. पार्कचं पाहुण्यांसाठीचं ऑफिस गाठा. डिस्नीलँडमध्ये ते मेन स्ट्रीटच्या सुरुवातीला सिटी हॉल नावाच्या इमारतीत आहे. आपल्याकडे गेस्ट रिलेशन्स किंवा मदत कक्ष अशी पाटी असते. "सगळीकडे घाण आहे" म्हणालात तर ते हसून "सॉरी" म्हणतील आणि विसरतील. जागा, वेळ, वस्तू अशा क्रमाने सांगा: "अमुक राइडजवळच्या लेडीज टॉयलेटमध्ये डावीकडून तिसऱ्या दाराची कडी निखळली आहे, सव्वातीनला पाहिली, हा फोटो." याचं जॉब कार्ड बनतं, त्याला नंबर पडतो आणि कोणाला तरी ते बंद करावं लागतं. एका वेळी एक-दोनच गोष्टी सांगा. दहा सांगितल्यात की तुम्ही तक्रारखोर ठरता आणि यादी टेबलावरच राहते. पैसे परत मागायच्या फंदात कडीसाठी पडू नका. राइडच मध्येच बंद पडली असेल तर मात्र नंतर न थांबता बसण्याचा पास मिळेल का, हे जरूर विचारा.

आणि हे सगळं चालता चालता करा. मुलांना थांबवून भिंती दाखवत बसलात तर तेच म्हणतील की पुन्हा आजीला आणायचं नाही. फोटो तारखेसकट फोनमध्ये ठेवा. तिकडे राहणारे आपले लोक पहिल्याच भेटीत भारावून वार्षिक पास घेऊन टाकतात. तो दुसऱ्या भेटीनंतर घ्यावा. त्या वेळी कडी, रेलिंग आणि दिवे जुन्या फोटोंशी ताडून बघा. कडी बदललेली दिसली तर खुशाल घ्या.