वसंतातली टर्की, नवं जंगल: या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात टर्कीच्या शिकारीला पहिल्यांदा निघणारे बहुतेक जण कॉल (टर्कीचा आवाज काढायचं साधन) विकत आणतात आणि जंगल बघायचं राहून जातं. हंगामाआधी दोन-तीन पहाटे नुसतं ऐकायला जा. नर उजाडता उजाडता रातथाऱ्याच्या, म्हणजे रात्री बसायच्या, झाडावरूनच गॉबल (नराची हाक) करतो. कुठून आवाज आला ते नकाशावर टिपा. दिवसा पाचोळा उकरलेल्या जागा आणि विष्ठा शोधा. नराची इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली असते, मादीची गुंडाळलेली. त्या दिवसांत कॉल मात्र वाजवू नका. पक्षी सावध होतो.

झाडांवर जांभळे पट्टे दिसले तर तिथेच थांबा. २०२० पासून या राज्यात बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'प्रवेश बंद' असा आहे. एच-वन-बी व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना हातात येईपर्यंत बंदूक घेऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रातथाऱ्याच्या फार जवळ जाणं. झाडावरच्या नराने तुम्हाला पाहिलं की ती सकाळ संपली. शंभरेक यार्ड अलीकडे, अंधार असतानाच बसा. मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण नको. नर बरेचदा तिथेच अडून राहतो.

मग कॉलचा मोह. त्याने उत्तर दिलं की हात थांबत नाही, आणि इथेच बिघडतं. निसर्गात मादी नराकडे जाते. आपण त्याला उलटं वागायला लावतो आहोत. सतत बोलावलं तर तो जागेवरच फुलारून मादीची वाट बघत बसतो. दोन-चार हलके येल्प (मादीचा आवाज) द्या आणि गप्प राहा. तो अचानक गप्प झाला तर माद्या त्याच्याजवळ आल्या असाव्यात. उठून घरी जाऊ नका. माद्या अंडी घालायला गेल्या की उशिरा सकाळी तोच नर पुन्हा बोलतो. त्याच्या मागावर दबकत जाणं मात्र इथे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचाही असू शकतो.

छातीवर दाढी (लोंबणारा केसांसारखा पिसांचा झुबका) स्पष्ट दिसल्याशिवाय बार काढू नका. चाळीस यार्डांपलीकडे तर नाहीच. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. खांद्यांहून रुंद खोडाला पाठ टेकून बसा. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, जागेवरूनच मोठ्याने हाक द्या.