रानात जरूर जा, पण गोचीड घरी आणू नका

पावसाळ्यात ट्रेकला निघालेला माणूस जळवांसाठी मीठ, हळद, तंबाखू असा सगळा सरंजाम बरोबर घेतो. तोच माणूस जानेवारी-फेब्रुवारीत हाफ पँट आणि चपला घालून काजूच्या बागेत शिरतो. पाऊस नाही, चिखल नाही, आता काय चावणार? पण दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्यातली सत्तरी या पट्ट्यात गोचिडींपासून जपायचे दिवस हेच, साधारण डिसेंबर ते मे. या काळात गोचिडीची पिल्लं फार असतात. ती तिळाएवढी किंवा त्याहूनही बारीक असतात, त्यामुळे डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

आणि इथे प्रश्न नुसत्या खाजेचा नाही, गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने याचा विषाणू शोधला. गेल्या दशकात हा ताप सत्तरीत आला, मग दोडामार्ग आणि बांद्याकडेही पोहोचला. यावर खास औषध नाही आणि खात्रीची लसही हाताशी नाही. म्हणून गोचीड चावू न देणं हाच उपाय उरतो.

पाऊल कुठे टाकता, बूड कुठे टेकता

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून ती वाट बघत बसते. जनावर किंवा माणूस घासून गेला की चिकटते आणि वर चढत जाते. म्हणून पायवाटेच्या मधून चाला, कडेच्या गवतात घुसू नका. घाम आला म्हणून शर्ट काढून झुडपावर टाकायची आपल्याकडे फार सवय आहे, ती सोडा. बसायचं तर उघड्या कातळावर बसा, नाहीतर फिक्या रंगाची चादर अंथरा, म्हणजे त्यावर चालणारा काळा ठिपका लगेच दिसेल.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे पातेरा. झाडाखाली साठलेली वाळकी पानं गोचिडींना आवडतात, आणि नेमक्या त्याच पानांत हात घालून आपण काजूच्या बिया वेचतो. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पातेरा गोळा करणाऱ्या, जळणाच्या मोळ्या डोक्यावरून आणणाऱ्या बायकांना याचा त्रास हौशी ट्रेकरपेक्षा कितीतरी जास्त. पातेरा हाताने ओढण्याऐवजी दाताळ्याने ओढा आणि त्याचा ढीग घराला, गोठ्याला लागून रचू नका.

मेलेलं माकड दिसलं तर फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरलेल्या असतात. जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

कपडे आणि मलम

फिके, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. दिसतं विचित्र, पण गोचीड खालून वर चढते, तिला कातडीपर्यंत वाट मिळत नाही. उघड्या अंगावर डीईईटी (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम किंवा स्प्रे लावा. मात्रा आणि लहान मुलांसाठीची सूचना पाकिटावर असते, ती वाचा. डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलेलं डेपा हेही याच कामाचं. बाधित गावांत आरोग्य विभाग अंगाला लावायचं तेल वाटतो, मिळालं तर ते कोनाड्यात ठेवून देऊ नका. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मात्र फक्त कपड्यांना आणि बुटांना लावायचं, अंगाला नाही. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन लावलेले कपडे वाळेपर्यंत तिच्यापासून लांब ठेवा, तिला ते विषारी असतं.

घरी आल्यावर

सगळ्यात जास्त आळस इथे होतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कामही हेच. जंगलातले कपडे पलंगावर टाकू नका, सरळ कडकडीत पाण्यात भिजवा. गार पाण्याने धुतल्यावर गोचीड मरत नाही. मग आंघोळ करा आणि चांगल्या उजेडात अंग तपासा. गोचिडीच्या लाळेमुळे चावा दुखत नाही, म्हणून ‘काही टोचलं नाही’ यावर विसंबू नका. बघायच्या जागा: कानामागे, केसांच्या मुळांशी, काखेत, बेंबीत, कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे. मानेमागचं स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला बघायला सांगा. बरोबर कुत्रा असेल तर त्याचे कान आणि पायाच्या बोटांमधल्या फटीही चाचपा.

चिकटलेली असेल तर

रॉकेल, चुना, उदबत्तीचा चटका, नेलपॉलिश, यातलं काहीही नको. डिवचलेली गोचीड आपली लाळ आणखी जखमेत सोडू शकते. बारीक टोकाचा चिमटा घ्या. पोट नाही, कातडीला टेकलेलं तोंड पकडा. न पिळता, हिसका न देता, सावकाश सरळ वर ओढा. कातडी जराशी उचलली जाईल आणि मग ती सुटेल. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर कोरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागा आणि हात साबणाने धुवा. काढलेली गोचीड नखावर चिरडायची नाही, चिकटपट्टीत बंद करा किंवा स्पिरिटमध्ये टाका.

तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या, तर अंगावर काढू नका. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं हे त्याहून गंभीर लक्षण. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ‘रानात गेलो होतो, गोचीड निघाली’ हे आपण होऊन सांगा, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी लवकर होईल. तोवर मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळ्या खोलीत टाकायची गरज नाही. त्याच्याबरोबर त्या दिवशी रानात गेलेल्यांना मात्र फोन करून ताप आहे का ते विचारा.