गव्हांकुर आणि मायक्रोग्रीन्स: घरच्या ट्रेमधली लागवड आणि वापर

ज्या घरात नवरात्रात घट बसतो, त्या घराला गव्हांकुर नवे नाहीत. पत्रावळीवर माती पसरून तीत गहू किंवा सात प्रकारचे धान्य पेरायचे आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. त्या घटातून पाझरणाऱ्या ओलाव्यावर नऊ दिवसांत वीतभर धान वाढते आणि दसऱ्याला ते टोपीत खोवले जाते. घरी गव्हांकुर वाढवण्याचे निम्मे शास्त्र या एका विधीत आहे, कारण बियांना एकदम भरपूर पाणी नको असते, सतत थोडा ओलावा हवा असतो. फरक इतकाच की देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी असल्यामुळे घटातले धान फिकट पिवळे राहते आणि ते खायचे नसल्यामुळे थोडी बुरशी आली तरी बिघडत नाही. आपल्याला मात्र ते कच्चे खायचे आहे, म्हणून उजेड, हवा आणि स्वच्छता या तीन गोष्टींत जराही ढिलाई चालत नाही.

सुरुवात बियांपासून करावी. शेतीच्या दुकानातले पेरणीचे बियाणे बहुधा बुरशीनाशक लावलेले आणि गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे असते. ते कितीही धुतले तरी खाण्यासाठी वापरू नये. किराणा दुकानातले निवडलेले, अख्खे, नवे धान्य उत्तम. जुन्या गव्हाचे निम्मे दाणे उगवत नाहीत आणि न उगवलेला दाणा ट्रेमध्ये कुजून शेजारच्या रोपांनाही खराब करतो. म्हणून आधी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. दोन दिवसांत सोळा-सतरा दाण्यांना मोड आले, तर तो गहू घ्यावा.

फूटभर लांब-रुंद ट्रेला साधारण २०० ग्रॅम गहू लागतो. तो तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, भिजवावा. नंतर पाणी पूर्ण निथळून मटकीसारखाच सुती फडक्यात बांधून ठेवावा. दुसऱ्या दिवशी दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका दिसू लागला की पेरणीची वेळ झाली. मोड लांब होऊ दिले, तर पसरताना ते मोडतात.

ट्रे पाच सेंटिमीटर खोल असला तरी पुरे. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला तापवलेल्या दाभणाने तळाशी दहा-बारा भोके पाडली तरी काम होते. त्यात भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले गांडूळखत तीनास एक या प्रमाणात मिसळून तीन सेंटिमीटरचा थर द्यावा. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले शेणखत कच्च्या खाण्याच्या पिकाला वापरू नये. मोड आलेले गहू एकमेकांना चिकटून, पण एकावर एक न येता पसरावेत, हाताने हलके दाबावेत आणि ओले सुती फडके घालून दोन दिवस अंधारात ठेवावेत. अंकुर फडके उचलू लागले की ते काढून ट्रे खिडकीत किंवा पूर्वेच्या बाल्कनीत न्यावा. सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन मिळाले की पिवळी पाती दिवसभरात हिरवी होतात. मे महिन्यातले दुपारचे ऊन मात्र टाळावे.

या कामात बहुतेकांची चूक होते ती पाण्यात. माझा पहिला ट्रे श्रावणात केला होता. हवेत आधीच ओल होती आणि मी मायेपोटी दिवसातून तीनदा पाणी शिंपडत होते. पाचव्या दिवशी मुळांजवळ राखाडी जाळे दिसले आणि कुबट वास आला, तेव्हा सगळा ट्रे फेकावा लागला. तेव्हापासून मी अंकुर बोटभर झाले की वरून पाणी देतच नाही. ट्रे दुसऱ्या परातीत ठेवून परातीत बोटाच्या पेराइतके पाणी घालते आणि वीस मिनिटांनी उरलेले ओतून टाकते. पावसाळ्यात बी एक चतुर्थांश कमी घ्यावे आणि जवळ पंखा मंद लावून ठेवावा. इथे एक गोष्ट नीट ओळखायला शिकावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक मुळाभोवती जी पांढरीशुभ्र लव दिसते, ती बुरशी नसून मुळांचे केस असतात. पाण्याचा फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी तशी जात नाही. ती एका मुळावरून दुसऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिला वास येतो. अशा ट्रेमधला वरचा भाग कापून घेण्याचा मोह धरू नये.

पाती १५ ते १८ सेंटिमीटर झाली, म्हणजे आठव्या ते दहाव्या दिवशी, मातीच्या बोटभर वरून कात्रीने कापावी. याच सुमारास पहिल्या पात्याच्या पोटातून दुसरे पाते फुटू लागते, त्यानंतर चव उतरते. दुसरी कापणी मिळते, पण ती विरळ आणि कडवट असते. मी ती घेत नाही. रोज रस हवा असेल, तर सात-आठ लहान डबे करून रोज एक पेरण्याची जुनी पद्धत सर्वांत सोयीची आहे.

रसासाठी एका माणसाला दोन मुठी पाती पुरतात. ती धुऊन अगदी बारीक चिरावी, कारण लांब तंतू मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. अर्धी वाटी थंड पाणी घालून थांबत थांबत फिरवावे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून लगेच प्यावे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमच्यांपेक्षा अधिक घेऊ नये, काहींना मळमळते.

हा रस म्हणजे ‘हिरवे रक्त’ असे सर्रास सांगितले जाते, त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांतील कड्यांची रचना मिळतीजुळती आहे हे खरे; पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, हिमोग्लोबिनच्या मध्यभागी लोह, आणि शरीर एकाचे दुसरे बनवत नाही. रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून रसावर विसंबू नये. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असणाऱ्यांनी हिरव्या पानांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे आधी विचारून घ्यावे. ज्यांना सीलियाक आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन सोसत नाही, त्यांनी हा रस टाळावा, कारण पात्यांसोबत दाण्याचा अंश येऊ शकतो.

मायक्रोग्रीन्स म्हणजे मेथी-मोहरीसारख्या बियांची पहिली पाने फुटताच कापून खायची कोवळी रोपे. ती गव्हांकुरांहून सोपी आहेत, आणि खरे सांगायचे तर जेवणात अधिक उपयोगी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आणि मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली २५ प्रकारच्या मायक्रोग्रीन्सची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांत जीवनसत्त्वे आणि कॅरोटिनॉइड (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा अधिक घनतेने आढळली. अर्थात आपण ती मूठभरच खातो, हेही लक्षात ठेवावे. मुंबईत चिमुकल्या जुड्यांनी मिळणारी, रेताड जमिनीतली समुद्र मेथी ही याच जातीची भाजी म्हणता येईल.

माझ्या मते पहिला ट्रे मोहरीचा करावा. फूटभर ट्रेला तीन चहाचे चमचे बी, पाच-सहा तास भिजवून, विरळ पसरावे. सात ते दहा दिवसांत कापणी होते. मेथीला दोन मोठे चमचे बी आणि रात्रभर भिजवणे लागते. तिची दोन लांबट बीजदले, म्हणजे बीतूनच निघणारी पाने, उघडून मधून पहिले पान डोकावले की कापावी. हे पहिले पान एकेरी असते, तीन दलांची पाने नंतर येतात. आळीव मात्र भिजवू नयेत, कारण त्यांचा लगेच गिळगिळीत गोळा होतो. ते कोरडेच ओल्या कोकोपीटवर भुरभुरावेत. धणे लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करून पेरावेत आणि तीन आठवडे धीर धरावा.

काही बिया मुळीच पेरू नयेत. टोमॅटो, वांगे आणि मिरची यांची रोपे खाण्याजोगी नसतात. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ती खाऊन गुरे दगावतात हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे, तरी ‘पौष्टिक धान्य’ म्हणून लोक ती ट्रेमध्ये पेरतात. तसे करू नये. स्वच्छतेबाबतही निष्काळजी राहू नये: २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून घातक ई-कोलाय जंतूंची साथ पसरून पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. मायक्रोग्रीन्समध्ये बी आणि मूळ खाल्ले जात नाही, त्यामुळे धोका कमी असतो, पण संपत नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसे यांना ती शिजवूनच द्यावीत.

कापलेली पाने न धुता, कोरडी, डब्यात सुती फडके घालून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस टिकतात. धुवायची ती खाण्याच्या आधी. मेथीचा घोळाणा कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून करावा. मोहरीची पाने घट्ट दह्यात छान लागतात, त्यांचा झणका दह्याने निवतो. शिजवून द्यायची असतील, तर ती उकळत्या आमटीत किंवा पिठल्यात घालून चांगली वाफ आणावी.

कापणीनंतर ट्रेमध्ये मुळांची चटई उरते. तिचे तुकडे करून जुन्या कुंडीत मातीखाली दाबावेत. महिना-दीड महिन्यात ती विरघळते आणि त्या कुंडीत पुढचे झाड लावता येते. रिकामा ट्रे साबणाने घासून दिवसभर उन्हात वाळवावा, मगच त्यात पुन्हा पेरावे.